दत्तोबा सुरनर आणि स्कॉटलंडची मेंढी

मेंढराचं वय सांगायला दत्तोबा सुरनरांना अकरा सेकंद लागत. हे मोजमाप त्यांच्या नातीचं, त्रिवेणीचं. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच एक दिवसासाठी घरी आणलं होतं. डाव्या हाताने जबडा धरायचा, अंगठ्याने खालचा ओठ सारायचा, पुढचे दात बघायचे, धोतराला हात पुसायचा आणि बोलायचं. मेंढराला वर पुढचे दात नसतात, त्यामुळे सगळा हिशेब खालच्या आठांचा. आठही दुधाचे, बारीक असले तर ‘आदत’, म्हणजे वर्षाच्या आसपासचं कोवळं जनावर. मधले दोन पडून मोठे आले की दोन दाती. मग चार, मग सहा, आणि आठही मोठे झाले की ‘जुळलं’. त्यापुढे दात झिजतात, फटी पडतात आणि सांगणाऱ्याचा कस लागतो.

दत्तोबा देगलूरकडच्या धनगराच्या घरातले. विशीत हैदराबादला आले आणि आबिड्समधल्या घोंगड्या-सतरंज्यांच्या दुकानात चौतीस वर्षं उभे राहिले. अंबरपेठेत दोन खोल्यांचं घर बांधलं. पण कोणी विचारलं, आपण काय करता, तर ते दुकानाचं नाव घेत नसत. “दात बघतो,” म्हणत.

हे काम वर्षातून तीन आठवड्यांचं. बकरीदच्या आधी मुसी नदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात मेंढरांचा बाजार भरे. कुर्बानीच्या जनावराला वयाची अट असते, निदान दोन दाती हवं, म्हणून गिऱ्हाइकाला दात बघून घ्यायचे असत आणि विकणाऱ्यावर त्याचा विश्वास नसे. काही हुशार विक्रेते दुधाचे दोन दात आधीच पाडून आणत आणि ‘आत्ताच पडले, आता मोठे येतील’ असं छातीठोक सांगत. अशा वेळी जनावर ओढत दत्तोबांपुढे आणलं जाई. मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीपाशी, ते एका पोत्यावर बसत. ते जे बोलतील त्यावर दोन्ही बाजू गप्प होत. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही निकाल फिरला नव्हता. मोबदला म्हणून ते फक्त चहा घेत, तोही जनावर आदत निघालं तर विकणाऱ्याकडून घेत नसत.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीअखेर हे सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने पणाला लावलं.

जागा होती नामदेवरावांची पिठाची गिरणी. अंबरपेठेतली बरीच मराठी घरं ज्वारी तिथेच दळून घेत. रांगेत बसलेल्यांना पेपर वाचून दाखवायचं काम हणमंतराव मास्तरांनी स्वतःहून घेतलं होतं. मास्तर निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, नोकरी तेलुगू मुलांना शिकवण्यात गेलेली आणि पेपर इंग्रजी. त्यामुळे बातमी वाचताना ते शांत असले तर मराठीत बोलत आणि चढले की उर्दूत जात. गिरणी चालू असल्याने हे सगळं ओरडूनच करावं लागे. मंगळावरून आलेल्या दगडात सूक्ष्म जीवांच्या खुणा असतील का, हा वाद आदल्या वर्षी अंबरपेठेने याच गिरणीत, शिरा ताणून घातला होता. निकाल लागला नाही, पण मास्तर आणि दत्तोबा दोघांचे घसे बसले होते.

त्या सकाळी मास्तर डबे ओलांडत आत आले ते थेट उर्दूत. ते जोरात ओरडत असतानाच नामदेवरावांनी पीठ भरायला जात्याचा पट्टा उतरवला आणि मास्तरांचं वाक्य शांततेत एकटंच सापडलं.

“मेंढे के बगैर मेंढी पैदा हो गई!”

रस्त्यावरचा केळीवालासुद्धा वळला.

“कुठं?” दत्तोबांनी विचारलं. ते ज्वारीचा डबा मांडीत धरून बसले होते.

“स्कॉटलंडमध्ये. डॉली नाव आहे तिचं. सात महिन्यांची आहे.”

“आन् मेंढवाड्याला राखण कोण होतं?”

गिरणी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेपर डब्यावर पसरला आणि बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. एक सहा वर्षांची पांढऱ्या तोंडाची मेंढी. तिच्या कासेतून एक पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं आणि ही पेशी त्यात घातली. विजेचा बारीक झटका दिला. मग ते तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढवलं. दोनशे सत्याहत्तर वेळा केलं, तेव्हा एक कोकरू जगलं. ते हुबेहूब त्या पहिल्या मेंढीसारखं, कारण ते तिच्याच एका खलियापासून झालेलं. खलिया म्हणजे पेशी.

“आणि पुरावा ऐका,” मास्तर म्हणाले. “जिच्या पोटी जन्मली ती काळ्या तोंडाची. कोकरू पांढऱ्या तोंडाचं! आता बोला.”

“मास्तर, आमच्या देगलूरकडं हे दर साली होतं,” दत्तोबा म्हणाले. “त्याला मेंढा म्हणतात.”

नामदेवराव पोत्यावर बसून पोट धरून हसले. त्यांच्या अंगावरच्या पिठाचा ढग उडाला. इथवर सगळं नेहमीसारखंच होतं. पण दत्तोबा विचारात पडले होते आणि विचारात पडलेला माणूस गप्प बसत नाही.

“कासेतला तुकडा काढला म्हणालाव. कवा काढला? मेंढी गाभण होती का?”

“त्याचा काय संबंध?”

“संबंध कसा नाही? कास भरती कवा? गाभण असतानी. आन् गाभण मेंढी एकटी नसती. दोन जीव असतात. तुम्ही कुणाचा तुकडा घेतलाव, आईचा का पोटातल्याचा, कसं ओळखलाव?”

“अरे बाबा, ते शास्त्रज्ञ आहेत.”

“ऱ्हाऊ द्या. दुसरं सांगा. सहा वर्षांच्या मेंढीपासून झाली ना? मग जन्मली तवा दात कसले होते? दुधाचे का झिजलेले?”

या प्रश्नावर गिरणीत इतका दंगा झाला की मास्तरांचं उत्तर कोणालाच ऐकू गेलं नाही. मास्तर तांबडे झाले. ते म्हणाले की दात बघून विज्ञान कळत नसतं, दात बघून फक्त दातच कळतात.

हे वाक्य लागलं. दत्तोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले की ही मेंढी खरी ठरली तर ते पुन्हा कुठल्याही मेंढराचे दात बघणार नाहीत. नेमकं त्याच वेळी नामदेवरावांनी गिरणी परत सुरू केली होती. त्यांनी ती बंद केली.

“काय म्हणालाव? नीट ऐकू आलं नाही.”

दत्तोबांनी ते पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि शेवटी ‘नावाचा सुरनर नाही’ हेही जोडलं. नंतर त्यांनी त्रिवेणीला सांगितलं की पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं होतं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कमी कसं बोलणार?

घरी तारामतीबाईंनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. “शपथ घ्यायला दुसरं काही मिळालं नाही? बिडी सोडतो म्हणायचं होतं.”

“बिडीचा काय संबंध?”

“म्हणूनच तर.”

आता प्रश्न असा की मेंढी खरी ठरली हे ठरवायचं कोणी. मास्तरांच्या मते पेपरात आलं म्हणजे ठरलं. दत्तोबांच्या मते पेपरात तर गेल्या वर्षी मंगळावर किडेही आले होते. बकरीद सात आठवड्यांवर होती. गिरणीत दोन पक्ष पडले. मेंढीवाले आणि मेंढेवाले. ज्यांना यातलं काही कळत नव्हतं त्यांनीही पक्ष निवडले होते आणि तेच जास्त तावातावाने बोलत होते. तोडगा त्रिवेणीने काढला. ती जामबागेतल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या वडिलांना तिने प्राणिशास्त्र सोडून कंप्युटरच्या क्लासला जावं असं वाटत होतं, कारण गल्लीतला प्रत्येक जण तिकडेच चालला होता. ती म्हणाली, आमच्या अपर्णा मॅडम पुण्याच्या आहेत. नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे आल्यात. त्यांना ना आबांशी देणं, ना मास्तरांशी घेणं. त्या सांगतील.

दोन्ही म्हातारे एकाच बसने जामबागेत गेले, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

अपर्णा मॅडमनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. त्या इतकं शुद्ध बोलत की दत्तोबा मध्येच म्हणाले, “मॅडम, तुमी बोलायला लागलाव की रेडिओ लावल्यासारखं वाटतंय. कायबी बोला.” मॅडमनी मूळ निबंधाची झेरॉक्स मागवून घेतली होती, वाचली मात्र नव्हती. त्या दोघांसमोरच त्या वाचायला लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते वाक्य एकदा मनात वाचलं आणि मग मराठीत सांगितलं.

“पेशी ज्या मेंढीची घेतली, ती सहा वर्षांची होती आणि गाभणपणाच्या शेवटच्या एक-तृतीयांश काळात होती. असं त्यांनीच लिहिलंय.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. दत्तोबांनी पटका काढून पुन्हा बांधला.

“म्हणजे मेंढी खोटी?” त्यांनी विचारलं.

“नाही. म्हणजे तुमचा प्रश्न खरा,” मॅडम म्हणाल्या. “पोटातल्या पिल्लाच्या काही पेशी आईच्या अंगात फिरत असतात. त्यातलीच एक हाती लागली असेल तर ही मोठी गोष्ट नाही, कोवळ्या पेशीपासून असं आधीही झालंय. शक्यता फार कमी आहे, पण आहे. त्या जुन्या मेंढीच्या कासेचा तुकडा त्यांनी गोठवून ठेवला असेल, तर बाहेरच्या कोणीतरी तो आणि डॉलीचं रक्त ताडून बघावं. तोवर माझा निकाल नाही.”

या ‘बाहेरच्या कोणीतरी’वर दत्तोबा खूश झाले. एकोणीस वर्षं ते मैदानात हेच करत आले होते. विकणाऱ्याने दात बघायचे नाहीत, घेणाऱ्यानेही नाहीत.

त्या वर्षीची बकरीद अशी पार पडली. खाजामियाँ नावाचे एक जुने गिऱ्हाईक होते. ते आपल्या मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस घरांची जनावरं एकदम घेत आणि दत्तोबांशिवाय एकही घेत नसत. त्यांच्या कानावर शपथ गेली होती. ते रोज सकाळी येऊन आधी तेच विचारत.

“चाचा, वो विलायती मेंढी का फैसला हुआ क्या?”

“नाही.”

“अल्ला का शुक्र. मुँह खोलो इसका.”

वर्ष गेलं. गिरणीत नवे वाद आले. धूमकेतू आला आणि गेला. मास्तर रोज काहीतरी आणत, पण कशालाही डॉलीची चव येत नव्हती. आणि अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत ते पेपर घडी करून, पाठीमागे लपवून आले. नामदेवरावांनी तो ओढून घेतला. परदेशातल्या दोन शास्त्रज्ञांनी डॉलीवर जाहीर शंका घेतली होती. एवढ्या प्रयत्नांत एकच कोकरू, आणि दुसऱ्या कुणाला तसं अजून जमलेलं नाही. आणि पेशी पोटातल्या पिल्लाची असू शकते ही गोष्ट आता डॉली बनवणाऱ्यांनाही नाकारता येत नव्हती.

पुढच्या चार दिवसांत अंबरपेठ वेडी झाली. ज्यांनी आयुष्यात मेंढी जवळून पाहिली नव्हती ते एकमेकांना गाभणपणाचे महिने सांगू लागले. गल्लीतल्या केबलवाल्याने आपल्या चॅनलवर दोन सिनेमांच्या मध्ये दत्तोबांची मुलाखत लावली. त्याने विचारलं, तुम्ही हे कसं ओळखलंत? दत्तोबा म्हणाले, “मेंढी बघून.” त्याने विचारलं, पण तुम्ही तर डॉलीला बघितलंच नाही. दत्तोबा म्हणाले, “मास्तरांनी बी बघितली नाही.” ही मुलाखत आठ वेळा दाखवली गेली.

मग गणेशोत्सव मंडळाने सत्कार ठरवला. शालीऐवजी घोंगडी द्यायची, ही कल्पना नामदेवरावांची. मंचामागच्या कापडावर ‘विलायती विज्ञानास आव्हान देणारे’ असं रंगवलं होतं. रंगाऱ्याने शेवटी स्वतःच्या मनाने एक मेंढी काढली होती. तिचं तोंड कुत्र्यासारखं दिसत होतं. मंचावर एक खरं कोकरूही आणलं. त्याने प्रमुख पाहुण्यांचा हार खाल्ला. लोक शिट्ट्या वाजवत होते. हणमंतराव मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. मोजून.

दत्तोबांनी भाषणात एकच वाक्य म्हटलं, “मेंढ्याशिवाय मेंढी नाही,” आणि मंडप दणाणला.

खाली उतरल्यावर त्रिवेणीने त्यांना बाजूला ओढलं.

“आबा, खोटं ठरलेलं नाही. नुसती शंका घेतलीय.”

“शंका म्हणजे अर्धं झालंच की.”

“अर्धं नाही. शंका म्हणजे शंका.”

“तुझ्या मॅडमनी शिकवलं का?”

“तुम्हीच शिकवलंत. फट दिसली म्हणून दात पडलाच असं नसतंय म्हणून.”

दत्तोबांनी घोंगडीची घडी सारखी केली आणि विषय बदलला.

त्या एप्रिलची बकरीद त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी होती. दुसऱ्या बाजारांतून माणसं जनावरं घेऊन त्यांच्याकडे येत. दात दाखवायला कमी आणि ‘विलायतवाल्यांना हरवणारे चाचा’ बघायला जास्त. महिनाअखेर डॉलीला स्वतःला कोकरू झाल्याची बातमी आली. मास्तरांनी ती आशेने वाचली. “तिला मेंढा होता ना?” दत्तोबांनी विचारलं. होता. “मग झालं की.”

जुलैत अपर्णा मॅडमचा निरोप आला. दोघांना बोलावलं होतं. या वेळी मास्तर आणि दत्तोबा एकाच बाकावर बसून गेले, कारण बस भरलेली होती.

मॅडमच्या टेबलावर कागद होते. त्यांच्या नवऱ्याने ऑफिसच्या इंटरनेटवरून छापून आणलेले. त्यांनी कुठेही न थांबता सांगितलं. जुन्या मेंढीच्या कासेचा तुकडा खरोखरच गोठवून ठेवलेला होता. तो, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि डॉलीचं रक्त, तिन्हींचे डीएनए ताडून बघितले. जुळले. पोटातल्या पिल्लाची पेशी असती तर निम्मी खूण त्याच्या बापाची, म्हणजे मेंढ्याची, निघाली असती. तशी निघाली नाही.

दत्तोबांनी विचारलं, “तपासणारे त्याच घरचे का बाहेरचे?”

“बाहेरच्यांनीही तपासलं.”

“तुकडा बदलला नसेल कशावरून?”

मॅडमनी कागद उलटून ते कसं बघितलं ते सांगितलं. दत्तोबांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. दोन्हींची उत्तरं मिळाली. मग ते म्हणाले, “बरं.”

“आन् दात?” दत्तोबांनी विचारलं. “आता दोन वर्षांची झाली असंल. किती हायत?”

“चार असतील,” मॅडम म्हणाल्या.

“असतील का हायत?”

“मी बघितलेले नाहीत,” मॅडमनी कबूल केलं. “पण तुमचा तो दुसरा प्रश्न, ती आतून दोन वर्षांची की आठ वर्षांची, तो बऱ्याच जणांना पडलाय. उत्तर अजून कोणाकडेच नाही.”

“मग तेवढं ऱ्हायलं,” दत्तोबा म्हणाले आणि उठले.

त्याच संध्याकाळी ते घोंगडी घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले आणि ती परत घ्या म्हणाले. अध्यक्ष गोंधळले. सत्कार परत घ्यायची मंडळात पद्धत नव्हती. बराच वेळ चर्चा होऊन असं ठरलं की सत्कार धाडसाबद्दल होता, मेंढीबद्दल नव्हता. दत्तोबांनी घोंगडी तिथेच खुर्चीवर ठेवली. तासाभराने मंडळाचा एक कार्यकर्ता ती त्यांच्या दारात ठेवून पळून गेला.

जिंकलेल्या हणमंतरावांचं फार बरं चाललं नव्हतं. गिरणीत दत्तोबा येत, डबा ठेवत, गप्प बसत. विश्व नुसतं पसरत नाही तर पसरण्याचा वेग वाढतोय, अशी बातमी त्या दिवसांत आली. मास्तरांनी ती घसा फोडून वाचली. कोणी काही विचारलं नाही. एक बाई एवढंच म्हणाली की पीठ जाड येतंय. मास्तर शेवटी दत्तोबांजवळ जाऊन बसले.

“दत्तोबा, झालं ते झालं. मी तुम्हाला शपथेतून मोकळं करतो.”

“तुम्ही कोण मोकळं करणार? तुमच्याशी मी बोललो होतो का?”

“मग कुणाशी?”

दत्तोबांनी विचार केला. “ते बी खरंच. पण तुमच्याशी नक्कीच नाही.”

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये बकरीद आली. बाजार भरायच्या दहा दिवस आधी खाजामियाँ स्कूटरवरून अंबरपेठेत आले आणि चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

“चाचा, मैं सुना, तुम बैठ रै नहीं. ऐसा नक्को करो. उन्नीस घरों का काम हय. मेरे कू तो कुत्ते के दाँत और मेंढे के दाँत में फरक नहीं समजता.”

दत्तोबा मान हलवत राहिले. तारामतीबाईंनी चहा दिला. खाजामियाँनी चहा प्यायला, दुसरा मागितला आणि मग शपथेबद्दल विचारू लागले. दुसऱ्याने बघितलं तर चालेल का? चालेल. कोण आहे मग? दत्तोबांनी आपल्या मुलाकडे बघितलं. तो त्याच महिन्यात नव्या नोकरीला लागला होता आणि त्याच्या कमरेला पेजर होता. त्याने पेजरकडे बघितलं.

“मी बघते,” त्रिवेणी म्हणाली.

खाजामियाँनी तिच्याकडे, मग दत्तोबांकडे, मग कपाकडे बघितलं. “पोरगी?”

“प्राणिशास्त्र हय उसका,” तारामतीबाई आतून म्हणाल्या. सबंध आयुष्यात त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता.

अडचण ही की शिकवायचं कसं. खऱ्या मेंढराचे दात दत्तोबा बघणार नव्हते. अपर्णा मॅडमनी कॉलेजातून मेंढीचा वाळलेला जबडा पाठवला. दत्तोबांनी तो रुमालातून बाहेर काढू दिला नाही. मेलेल्या मेंढराचे दातही दातच. हाताने चाचपून बघा, असं त्रिवेणीने सुचवलं. हाताने बघणं म्हणजे बघणंच, असं त्यांचं मत पडलं. शेवटी त्यांनी ताटलीत ज्वारीचे आणि मक्याचे दाणे मांडले. ज्वारी म्हणजे दुधाचा दात, मका म्हणजे मोठा. सहा ज्वारी, मधोमध दोन मका, झालं दोन दाती. एक मका जरा तिरका, तर तो आत्ताच वर येतोय. मका फोडून ठेवला तर म्हातारी. आणि मध्ये दोन दाण्यांची जागा रिकामी, तर थांबायचं. तिथंच चोरी असती. हिरडी बघायची. मोठा दात यायच्या आधी हिरडी फुगती, खालून पांढरं दिसतं. दात नुसताच पाडलेला असला तर हिरडी सपाट ऱ्हाती. नऊ दिवस दोघं जेवणाच्या ताटात दाणे मांडत राहिले. दहाव्या दिवशी घरात मका संपला आणि बाजार भरला.

पहिल्या सकाळी भिंतीपाशी नेहमीच्या पोत्यावर त्रिवेणी बसली, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. दत्तोबा तिच्या मागे, तिच्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसले. हणमंतराव मास्तर छत्री घेऊन आले होते. ऊन नव्हतं, पण त्यांना तिथे असायला काही कारण हवं होतं.

“ओठ खाली! जबडा नको दाबू, चावंल!” दत्तोबा भिंतीला सांगत होते.

“आबा, तुम्ही वळून बघताय का?”

“मेंढराच्या आवाजावरून कळतंय.”

पहिल्या तासात त्रिवेणीला एका जनावराला दीड-दीड मिनिट लागत होतं. रांगेत लोक बोलू लागले. एक मेंढा तिला ढुशी मारून गेला. मास्तर छत्रीसकट पडले. दोन-चार लोक नुसतं हे बघायलाच थांबले. दुसऱ्या तासात तिचा हात बसला. दोन दाती. चार. दोन. जुळलं. दोन.

मग खाजामियाँनी एक मोठा, भरलेला मेंढा आणला. विकणारा लांबून आलेला, नवा होता. त्रिवेणीने ओठ सारला आणि थांबली. मधली जागा रिकामी होती. तिने मान खाली घालून हिरडी बघितली. मग पुन्हा एकदा बघितली.

“आदत,” ती म्हणाली. “दात पडलेले नाहीत. पाडलेत.”

विकणारा भडकला. पोरीला काय कळतं, काल दोन्ही दात आपोआप पडले, माझ्या डोळ्यासमोर पडले. माणसं जमली. त्याने त्रिवेणीच्या डोक्यावरून हात करून दत्तोबांकडे बोट केलं. “चाचा को पूछो! चाचा देखके बोले तो मानूँगा.”

खाजामियाँ वाकून दत्तोबांच्या कानाशी आले. “चाचा, पोरगी सई बोल रई क्या?”

त्रिवेणीचा निकाल चुकीचा असता तर एकवीस वर्षांचं नाव तिथल्या तिथे संपलं असतं आणि बरोबर असता तर एक मान वळवली की सिद्ध झालं असतं. दत्तोबांची मान थोडीशी हललीसुद्धा. मास्तरांनी ते पाहिलं आणि छत्री मध्ये घातली. पण तोवर मान परत भिंतीकडे गेली होती.

“मला काय माहीत?” दत्तोबा म्हणाले. “मी बघितलेलं नाही. तिनं बघितलंय. तिला विचारा.”

“हिरडी सपाट आहे,” त्रिवेणी म्हणाली. “फुगलेली नाही. खाली पांढरं दिसत नाही. कुणालाही बघू दे. तुम्ही बघा, खाजाचाचा.”

खाजामियाँनी टोपी मागे सारली, गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मेंढ्याच्या तोंडात डोकावले. त्यांना काय दिसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या मागे आणखी एकाने बघितलं. मग एका म्हाताऱ्या कसायाने बघितलं. त्याने बोटाने हिरडी दाबली आणि तो विकणाऱ्याकडे बघत राहिला. विकणाऱ्याने दोरी उचलली.

“आदत बोली तो आदत,” खाजामियाँ उठत म्हणाले. “दुसरा लाओ.”

संध्याकाळपर्यंत त्रिवेणीने एकशे बारा मेंढरांचे दात बघितले. दत्तोबांनी भिंत बघितली. भिंतीतल्या सात विटा हलतायत आणि कोणीतरी लक्ष द्यायला पाहिजे, असं त्यांनी घरी आल्यावर तारामतीबाईंना सांगितलं.